नाव तेच, मतदारसंघ वेगळा: ब्रेंट ईस्टचे आकडे नीट वाचायला हवेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ब्रिटनमधल्या गाजलेल्या पोटनिवडणुकांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. असे विषय मराठीत फार कमी येतात. पण लंडनच्या ब्रेंट ईस्ट मतदारसंघाबद्दल त्यात जी तीन विधानं आहेत, ती तिन्ही दुरुस्त करायला हवीत. लेख सांगतो की हा मजूर पक्षाचा परंपरागत बालेकिल्ला होता, २००३ मध्ये इराक युद्धाच्या रागाने तिथले २९ टक्के मतदार लिबरल डेमोक्रॅट्सकडे गेले, आणि २०२४ मध्ये मजूर पक्षाने तोच गड परत मिळवला. यातलं पहिलं विधान अर्धवट आहे, दुसरं गणिताने चुकलं आहे आणि तिसऱ्यातला मतदारसंघच वेगळा आहे. आकडे सगळे छापील नोंदीत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

आधी जागा कुठली ते पाहू. लंडनच्या वायव्येला किलबर्न, क्रिकलवुड, विल्सडेन ग्रीन, डॉलिस हिल आणि नीसडेनचा भाग अशी उपनगरांची सलग वस्ती आहे. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू ज्या डॉलिस हिल लेनवर आहे, तो परिसर याच मतदारसंघात होता, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव तसं परकं नाही. १९६५ मध्ये विल्सडेन आणि वेम्ब्ली या दोन नगरपालिका एकत्र करून ब्रेंट हा बरो, म्हणजे लंडनमधला स्वतंत्र नगरपालिका असलेला विभाग, झाला, आणि फेब्रुवारी १९७४ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ब्रेंट ईस्ट, ब्रेंट नॉर्थ आणि ब्रेंट साउथ असे तीन मतदारसंघ अस्तित्वात आले. त्यातला ब्रेंट ईस्ट २०१० पर्यंत टिकला.

त्याआधी या वस्तीचा बराचसा भाग १९१८ ते १९७४ या काळात विल्सडेन ईस्ट मतदारसंघात होता. तिथला इतिहास बालेकिल्ल्याचा मुळीच नाही. १९१८ ला ही जागा हुजूर पक्षाकडे होती. ३ मार्च १९२३ च्या पोटनिवडणुकीत ती लिबरल पक्षाच्या हारकोर्ट जॉन्स्टन यांनी जिंकली. त्यांनी हरवलेले हुजूर उमेदवार जॉर्ज स्टॅन्ली हे गृहखात्याचे कनिष्ठ मंत्री होते. आदल्या वर्षी प्रेस्टनची जागा गमावल्यामुळे त्यांना संसदेत यायला नवी जागा हवी होती, आणि पक्षाने हे सुरक्षित समजलेलं उपनगर त्यांना दिलं होतं. १९२४ ला स्टॅन्ली तिथूनच निवडून आले, आणि पुढे १९२९ मध्ये मद्रास प्रांताचे गव्हर्नर म्हणून हिंदुस्थानात आले. १९४५ च्या लाटेत मॉरिस ऑरबाख यांनी ही जागा मजूर पक्षाकडे आणली, १९५९ मध्ये ट्रेव्हर स्कीट यांनी ती हुजूर पक्षाकडे परत नेली, १९६४ मध्ये रेग फ्रीसन यांनी पुन्हा मजूर पक्षाकडे. लिबरलांनी पोटनिवडणुकीत या वस्तीत मुसंडी मारली ती २००३ मध्ये प्रथमच, असं जे अनेक ठिकाणी लिहिलं जातं, ते या नोंदीमुळे टिकत नाही. २००३ च्या ऐंशी वर्षं आधी तेच घडलं होतं.

१९६४ पासून २००३ पर्यंत जागा सलग मजूर पक्षाकडे राहिली, हे मात्र खरं. पण जागा हाती असणं आणि बालेकिल्ला असणं यांत फरक आहे, आणि तो फरक मताधिक्यात दिसतो. फ्रीसन १९७४ ते १९७९ या काळात गृहनिर्माण मंत्री होते, मतदारसंघात त्यांचं वजन होतं. तरी १९८५ मध्ये स्थानिक पक्षशाखेने पुढच्या निवडणुकीसाठी ग्रेटर लंडन कौन्सिलचे, म्हणजे अख्ख्या लंडनच्या तेव्हाच्या नगरशासनाचे, नेते केन लिव्हिंगस्टन यांची निवड केली. ते कौन्सिल थॅचर सरकारने ३१ मार्च १९८६ ला बरखास्त केलं, आणि १९८७ मध्ये लिव्हिंगस्टन ब्रेंट ईस्टमधून उभे राहिले. त्यांना १६,७७२ मतं पडली, हुजूर पक्षाच्या हॅरिएट क्रॉली यांना १५,११९. फरक फक्त १,६५३ मतांचा. तिसऱ्या क्रमांकावर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे डॅनियल फिंकलस्टीन होते, ५,७१० मतं घेऊन. म्हणजे देशभर नाव झालेला नेता उभा असताना, लंडनच्या उपनगरात, हुजूर पक्ष दीड-पावणेदोन हजार मतांनी हरतो. याला कोणी बालेकिल्ला म्हणणार नाही.

१९९२ मध्ये मताधिक्य ५,९७१ झालं: लिव्हिंगस्टन १९,३८७, हुजूर पक्षाचे डेमियन ग्रीन १३,४१६. खरी भिंत उभी राहिली ती १९९७ मध्ये, टोनी ब्लेअर यांच्या विजयाच्या वेळी. लिव्हिंगस्टन २३,७४८, मार्क फ्रँकॉय ७,८६६, मताधिक्य १५,८८२. लिव्हिंगस्टन २००० मध्ये पक्षाबाहेर पडून, अपक्ष म्हणून लंडनचे महापौर झाले, आणि २००१ मध्ये त्यांच्या जागी ब्रेंट कौन्सिलचे नेते पॉल डेझली मजूर पक्षातर्फे उभे राहिले. त्यांचं मताधिक्य १३,०४७ होतं. म्हणजे ज्याला परंपरा म्हटलं आहे, ते पाच आकडी मताधिक्य दोन निवडणुकांचं, सहा वर्षांचं होतं. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर २००३ चा निकाल चमत्कार वाटतो.

जाता जाता एक नोंद. या मतदारसंघात हुजूर पक्ष तरुण उमेदवारांना शिकायला पाठवत असे, आणि ते बरेच पुढे गेले. १९९२ चे डेमियन ग्रीन नंतर थेरेसा मे यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्या खालोखालचे मंत्री झाले, १९९७ चे फ्रँकॉय संरक्षण खात्यात राज्यमंत्री, २००१ चे डेव्हिड गॉक न्यायमंत्री. २००५ मध्ये इथे जेमतेम १०.३ टक्के मतं मिळवणारे क्वासी क्वार्टेंग २०२२ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री होते, ३८ दिवस. हरण्याच्या जागी उभं राहून घराघरांत जाणं, चार माणसांच्या सभेत बोलणं, ही तिथल्या पक्षांची जुनी उमेदवारी-शाळा आहे.

आता २००३ कडे येऊ. या निकालाला जास्त जागा देतो आहोत, कारण लेखातली मोठी चूक इथेच आहे.

डेझली कर्करोगाने आजारी होते. १८ जून २००३ ला त्यांचं निधन झालं. मतदान १८ सप्टेंबरला झालं, बरोबर तीन महिन्यांनी. जागा रिकामी झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असा तिथला संकेत आहे. कायद्याने ठरलेली मुदत नाही, आपल्याकडच्या सहा महिन्यांसारखी. तारीख बहुधा ज्या पक्षाची जागा होती त्याचा प्रतोद ठरवतो, आणि तिथेच डाव-प्रतिडाव असतो. लगेच मतदान घेतलं तर विरोधकांना माणसं जमवायला वेळ मिळत नाही. इथे मात्र मध्ये सगळा उन्हाळा गेला. लिबरल डेमोक्रॅट्सनी तो वापरला: देशभरातून कार्यकर्ते येऊन गल्ल्या वाटून घेत होते, आठवड्याला दारात पत्रकं पडत होती. त्यांच्या उमेदवार सारा टेदर तेव्हा २९ वर्षांच्या होत्या, लंडनच्याच इझ्लिंग्टन बरोच्या नगरसेविका. मजूर पक्षाने युरोपीय संसदेचे सदस्य रॉबर्ट इव्हान्स यांना उभं केलं, हुजूर पक्षाने उमा फर्नांडिस यांना.

निकाल असा: टेदर ८,१५८, इव्हान्स ७,०४०, फर्नांडिस ३,३६८. एकूण सोळा उमेदवार, एकूण वैध मतं २०,८५२, मतदान ३६.२ टक्के. टेदर १,११८ मतांनी आल्या. मजूर पक्षाने पोटनिवडणुकीत जागा गमावण्याची १९८८ च्या ग्लासगो गव्हननंतरची ही पहिली वेळ.

लेखात २९ टक्के मतदार वळले असं म्हटलं आहे ते 'स्विंग' या आकड्यावरून. तो २९ बरोबर आहे, पण त्याचा अर्थ तो नव्हे. स्विंग असा काढतात: २००१ मध्ये लिबरल डेमोक्रॅट्सचा वाटा १०.६ टक्के होता, २००३ मध्ये ३९.१, म्हणजे २८.५ अंकांची वाढ. मजूर पक्षाचा ६३.२ वरून ३३.८ वर आला, म्हणजे २९.४ अंकांची घट. या दोहोंची सरासरी २८.९५, ती २९ लिहिली जाते. ही टक्केवारीच्या वाट्यांची सरासरी आहे. त्यात माणसं मोजलेली नाहीत. शंभरातले २९ जण एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरले, असं तिच्यावरून सांगता येत नाही. याच निकालात मजूर आणि हुजूर पक्ष घेऊन स्विंग काढला तर तो १३.७ येतो, आणि तोसुद्धा हुजूर पक्षाच्या बाजूने, जरी त्या पक्षाचीही मतं घटली होती. कोणते दोन पक्ष घेतले हे सांगितल्याशिवाय स्विंगचा आकडा छापू नये.

माणसं मोजायची तर मतं मोजावीत. २००१ मध्ये मजूर पक्षाला १८,३२५ मतं होती, २००३ मध्ये ७,०४०. गेली ११,२८५. लिबरल डेमोक्रॅट्सची मतं ३,०६५ वरून ८,१५८ झाली. वाढली ५,०९३. एकूण मतदान ८,१४० ने घटलं. म्हणजे मजूर पक्षाने गमावलेल्या प्रत्येक मतामागे अर्धंसुद्धा टेदर यांच्याकडे पोचलेलं नाही, आणि जे पोचलं त्यात हुजूर पक्षाचा हिस्साही असणार, कारण त्यांची मतं ५,२७८ वरून ३,३६८ वर, १,९१० ने उतरली होती. सगळ्यात मोठा बदल घरी राहिलेल्यांचा आहे. अजून एक बेरीज करून पाहा: २००१ मधली लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर मतं एकत्र केली तर ८,३४३ होतात. टेदर ८,१५८ वर जिंकल्या, त्या बेरजेपेक्षा कमी मतांवर. मजूर मतदार जर घराबाहेर पडला असता, तर विरोधकांची सगळी मतं एका पेटीत येऊनही ही जागा हलली नसती.

मग लिबरल डेमोक्रॅट्सनी नेमकं काय साधलं? तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष असताना, मजूर पक्षाला हरवायचं तर आम्हीच, असं लोकांना पटवून दिलं. याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. पत्रकावर खांबांचा आलेख असतो, त्यात दोनच खांब उंच आणि तिसरा अगदी बुटका, आणि खाली ठळक अक्षरांत की अमुक पक्ष इथे जिंकूच शकत नाही. गल्लीतल्या प्रत्येक घराची नोंद असते: पक्का आपला, डळमळीत, विरोधी, बोलायला तयार नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर पक्षाचा माणूस उभा राहून बाहेर पडणाऱ्यांना त्यांचा यादीतला क्रमांक विचारतो. सांगायचा की नाही ही मतदाराची मर्जी. दर तास-दोन तासांनी ते क्रमांक कार्यालयात जातात, आपल्या पक्क्या मतदारांतून ते खोडले जातात, आणि जे उरले त्यांच्या दारावर पुन्हा थाप पडते. केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं, त्यामुळे हे चक्र रात्री साडेनऊपर्यंत चालतं. मतदान ३६ टक्के असताना या कामाला दुप्पट मोल येतं. प्रत्यक्ष फरक १,११८ चा होता, म्हणजे ५६० माणसं टेदर यांच्याकडून इव्हान्स यांच्याकडे गेली असती तरी निकाल उलटला असता.

मतपत्रिकाही डोळ्यासमोर आणून पाहावी. ब्रिटनमध्ये नावं आडनावाच्या अकारविल्हे येतात. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी आणि अपक्ष शेवटी असा क्रम असतो, तसं तिथे नाही. सोळा नावांच्या त्या लांब कागदावर इव्हान्स पाचवे आणि फर्नांडिस सहाव्या होत्या. टेदर चौदाव्या. दोरीला बांधलेली पेन्सिल घेऊन मतदाराने तिथपर्यंत खाली यायचं आणि फुली मारायची. नावापुढे पक्षाचं चिन्ह छापलेलं असतं म्हणून हे जमतं, तरी 'खालून तिसरं नाव' हे पत्रकांत आणि दारोदार सांगण्याजोगं काम होतं.

अनामत रकमेचा हिशेबही इथे समजून घेण्यासारखा आहे. तिथे ५०० पौंड भरावे लागतात आणि वैध मतांच्या ५ टक्के मिळाली तर परत मिळतात. आपल्याकडे ती मर्यादा एक षष्ठांश आहे, फार वरची. २००३ मध्ये ५ टक्के म्हणजे १,०४३ मतं. चौथ्या क्रमांकाच्या ग्रीन पक्षाला ६३८ मिळाली. सोळापैकी तेरा जणांची अनामत गेली, शेवटच्या उमेदवाराला ११ मतं होती. २००१ मध्ये मात्र ग्रीन पक्ष १,३६१ मतांवर थांबला होता आणि हवी होती १,४५०. एकोणनव्वद मतांनी ५०० पौंड गेले. छोट्या पक्षाच्या स्थानिक शाखेला ही रक्कम लहान नसते.

इराकचा परिणाम नव्हता, असं आमचं म्हणणं नाही. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं होतं, जुलैमध्ये इराकच्या शस्त्रांवरून सरकार आणि बीबीसी यांच्यात पेटलेल्या वादात सापडलेले शस्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली यांचा मृत्यू झाला आणि त्याची चौकशी उन्हाळाभर वर्तमानपत्रांत होती. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने युद्धाच्या विरोधात मत दिलं होतं आणि इथल्या मतदारांत मुस्लिम वस्ती बरीच आहे. पण राग कुठे गेला हे २००३ च्या एका आकड्यावरून कळत नाही. ते कळतं २००५ वरून, आणि लेखात २००५ चा उल्लेखच नाही.

५ मे २००५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत टेदर यांना १४,७६४ मतं पडली, मजूर पक्षाच्या यास्मिन कुरेशी यांना १२,०५२. क्वार्टेंग ३,१९३. मजूर पक्षाचा घरी बसलेला मतदार परत आला होता, ५,०१२ मतं वाढली होती, आणि तरी टेदर यांची मतं त्याहून जास्त, ६,६०६ ने वाढली. मताधिक्य २,७१२ झालं. पोटनिवडणुकीतली जागा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मूळ पक्षाकडे परत जाते असा ब्रिटनमधला सर्वसाधारण अनुभव आहे, तो इथे चुकला. २००१ आणि २००५ या दोन सार्वत्रिक निवडणुका समोरासमोर ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं: मजूर पक्ष ६,२७३ ने खाली, हुजूर पक्ष २,०८५ ने खाली, एकूण मतदान २,०९० ने वर, आणि लिबरल डेमोक्रॅट ११,६९९ ने वर. एवढी वाढ हुजूर मतं आणि नवे मतदार यांतून भागत नाही. मजूर पक्ष सोडून प्रत्यक्ष पलीकडे गेलेल्यांची संख्या काही हजारांत आहे, हे इथे सिद्ध होतं. पक्षांतराचा पुरावा २००५ चा आहे, २००३ चा पुरावा मुख्यतः गैरहजेरीचा. कुरेशी पुढे २०१० मध्ये बोल्टन साउथ ईस्टमधून खासदार झाल्या.

आता नकाशा. लेखातलं तिसरं विधान इथे अडतं.

ब्रेंट ईस्टची पूर्व सीमा किलबर्न हाय रोडच्या मधोमध जात होती. हा जुना रोमन रस्ता, आजचा ए-पाच. पश्चिमेच्या फुटपाथवरचं दुकान ब्रेंटमध्ये, समोरच्या फुटपाथवरचं कॅम्डेनमध्ये. २००३ च्या सप्टेंबरमध्ये रस्त्याच्या एका बाजूला राहणाऱ्यांना पोटनिवडणुकीत मत होतं आणि दुसऱ्या बाजूला राहणाऱ्यांना नव्हतं. पत्रकं वाटणाऱ्यांनी रस्ता ओलांडला की कागद फुकट जात. २०१० च्या पुनर्रचनेत ही रेष पुसली गेली. ब्रेंट आणि कॅम्डेन या दोन बरोंत मिळून पाच मतदारसंघ होते, त्यांचे चार करायचे ठरले. ब्रेंट ईस्टचे किलबर्न, क्वीन्स पार्क आणि ब्रॉन्ड्सबरी पार्क हे प्रभाग हॅम्पस्टेडला जोडून 'हॅम्पस्टेड अँड किलबर्न' झाला, आणि उरलेला भाग ब्रेंट साउथच्या हार्ल्सडेन, स्टोनब्रिज वगैरे प्रभागांशी जोडून 'ब्रेंट सेंट्रल' झाला. डॉलिस हिल ब्रेंट सेंट्रलमध्ये गेलं.

जुने आकडे चाळणाऱ्यांची इथे हमखास एक चूक होते. ब्रेंटचे नगरप्रभाग २००२ मध्ये नव्याने आखले गेले, पण संसदीय मतदारसंघ २०१० पर्यंत जुन्या प्रभागांच्याच रेषांवर चालू राहिले. ग्लॅडस्टन, कार्लटन ही प्रभागांची नावं २००२ नंतर नगरनिवडणुकीत सापडत नाहीत, पण २००३ ची पोटनिवडणूक त्यांच्याच सीमांवर झाली. २००२ चे नगरनिवडणुकीचे आकडे २००३ च्या शेजारी मांडणारा माणूस दोन वेगळे तुकडे जोडत असतो.

दुसरी अडचण याहून मोठी. भारतात फॉर्म २० मध्ये मतदान केंद्रानुसार मतं मिळतात, त्यामुळे मतदारसंघाची रेष हलली तरी जुन्या मतांची नवी बेरीज करता येते. ब्रिटनमध्ये प्रत्येक पेटीतल्या कागदांची संख्या जुळवून पाहतात आणि मग पेट्या एकमेकांत मिसळून मोजणी होते. निकाल अख्ख्या मतदारसंघाचा एकच. कोणत्या प्रभागात कोणाला किती, हे अधिकृतपणे कुठेही छापलं जात नाही. म्हणून नव्या सीमांवर 'मागच्या वेळी काय झालं असतं' हा आकडा नगरनिवडणुकांच्या मतांवरून अंदाजाने बांधतात. वर्तमानपत्रात तो खरा निकाल असल्यासारखा येतो, पण तो अंदाजच असतो. ब्रेंट सेंट्रल अशाच अंदाजात मजूर पक्षाची जागा ठरली होती. २०१० मध्ये तिथे दोन विद्यमान खासदार समोरासमोर आल्या: ब्रेंट ईस्टच्या टेदर आणि ब्रेंट साउथच्या डॉन बटलर. टेदर २०,०२६, बटलर १८,६८१. खासदार असलेली बाई निवडून आली आणि नोंद झाली 'मजूर पक्षाकडून हिसकावलेली जागा' अशी. शेजारच्या हॅम्पस्टेड अँड किलबर्नमध्ये तर मजूर पक्षाच्या ग्लेंडा जॅक्सन यांनी हुजूर उमेदवाराला ४२ मतांनी मागे टाकलं, १७,३३२ विरुद्ध १७,२९०, आणि लिबरल डेमोक्रॅट १६,४९१ वर तिसरे. जुन्या ब्रेंट ईस्टचे तीन प्रभाग त्या लढतीत होते.

टेदर २०१० च्या आघाडी सरकारात मुलं आणि कुटुंब खात्याच्या राज्यमंत्री झाल्या, २०१२ मध्ये पद गेलं, २०१५ ला त्या उभ्या राहिल्या नाहीत. त्या वर्षी ब्रेंट सेंट्रलमध्ये त्यांच्या पक्षाचा वाटा ४४.२ वरून ८.४ टक्क्यांवर कोसळला आणि डॉन बटलर निवडून आल्या. म्हणजे ज्याला लेखात गड परत मिळवणं म्हटलं आहे, ते या वस्तीत २०१५ मध्येच झालं होतं, आणि तेव्हा मतदारसंघाचं नाव ब्रेंट सेंट्रल होतं.

२०२४ च्या पुनर्रचनेत 'ब्रेंट ईस्ट' हे नाव पुन्हा आलं आणि बटलर तिथून निवडून आल्या. पण हे नवं ब्रेंट ईस्ट जुन्याची पुन्हा स्थापना नव्हे. जुन्याचा प्राण असलेलं किलबर्न त्यात नाही, ते 'क्वीन्स पार्क अँड मायदा वेल'कडे गेलं आहे. आणि जुन्या ब्रेंट साउथमधलं स्टोनब्रिज नव्यात आहे. १९७४ ते २०१० च्या आकड्यांच्या खाली २०२४ चा आकडा लिहून बाण काढला, तर तो दोन वेगळ्या वस्त्यांमधला बाण असतो. आपल्याकडे २००८ नंतर खेडचे आकडे शिरूरला किंवा पंढरपूरचे माढ्याला लावताना जी काळजी घ्यावी लागते, तीच इथे. फरक इतकाच की आपल्याकडे नाव बदललं म्हणून माणूस सावध होतो, इथे नाव तेच असल्यामुळे फसतो. तक्त्यात २०१० पाशी आडवी रेघ मारून खाली नव्याने सुरुवात करणं हाच उपाय.

एका गोष्टीबद्दल लेखाशी संबंध नसला तरी लिहावंसं वाटतं, कारण आपल्या अनेक वाचकांची मुलं-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी लंडनमध्ये आहेत. ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीत मत द्यायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, वय १८ पूर्ण, तिथे राहण्याचा वैध परवाना आणि तिथला पत्ता एवढं पुरतं. विद्यार्थी व्हिसावरच्या भारतीय नागरिकालाही हा हक्क आहे. कितीतरी जणांना हे ठाऊकच नसतं आणि दोन-तीन निवडणुका तशाच जातात. नोंदणी ऑनलाइन होते, पण मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधी ती झालेली असावी लागते. पोटनिवडणुकीत तारीख अचानक येते, त्यामुळे घर बदललं की लगेच नवा पत्ता नोंदवावा. लंडनमध्ये भाड्याने राहणाऱ्यांची नावं यादीतून सुटतात ती बहुतेक वेळा याच कारणाने. २०२३ पासून केंद्रावर छायाचित्र असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही. घरी आलेलं मतदानाचं कार्ड हरवलं असलं तरी मत देता येतं, कारण ते केवळ सूचना देणारं असतं. डॉलिस हिल लेनच्या आसपास राहणाऱ्यांनी आपला मतदारसंघ गृहीत धरू नये. पोस्टकोड टाकून तो तपासावा, कारण त्या भागाचा मतदारसंघ २०१० पासून दोनदा बदलला आहे.

आपले,
ब्रिटिश निवडणुकांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक